गच्चीवरच्या लाल टबांची वाटणी

चिरंजीव संग-हून यास आईचा आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? खुर्चीत बसून काम करणाऱ्याची कंबर ओझी वाहणाऱ्याच्या आधी जाते, हे सांगून मी थकले. सूनबाई योन-जू, तुझी डोकेदुखी थांबली का? दा-ओन, माझ्या नाती, दातांवरची तार निघाली की अजून आहे? आणि विहीणबाई, तुमचा गुडघा कसा आहे? शेवटी विचारले म्हणून उगीच विचारले असे समजू नका. कारण पुढे येईलच.

माझे म्हणाल तर जेवण जाते, झोप लागते, आणि महिनाअखेरीस डॉक्टर माझे हृदय उघडून त्यातली झडप बदलणार आहेत. मी जहाजे दुरुस्त करणाऱ्याची बायको. उघडलेले प्रत्येक इंजिन पुन्हा चालू होतेच असे नाही, हे मला कोणी शिकवायला नको. म्हणून हे लिहून ठेवते.

मी, बोंग सुन-दक, कै. मा जोंग-गिल यांची पत्नी, वय वर्षे शहात्तर, राहणार बुसान, बंदराच्या वर डोंगरउतारावरचे शेवटच्या पायरीचे घर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कालच मासळीबाजारात एकीने ताज्या बांगड्यांत शिळा सरकवला, तो मी तिथल्या तिथे पकडला. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणणारा एकच होता, तो आधीच पुढे गेला. शाळा मी थोडकीच पाहिली. अक्षर गिरवले ते मासे गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रांवर. तेव्हा शुद्धलेखनाकडे न बघता अर्थाकडे बघावे.

कलम पहिले. हे घर संग-हूनचे. तो विकणार हे मला माहीत आहे, आणि मी त्याच्यावर रागावलेली नाही. एवढ्या पायऱ्या चढून कोण येतो? फक्त खालच्या मजल्यावरची भाडेकरीण पांग ग्ये-ह्वा हिला दुसरी जागा मिळेपर्यंत हलवू नये. ती मासळीच्या शीतगृहात काम करते, घरी येते ती वास घेऊन, पण माणूस सोन्याचे आहे.

कलम दुसरे. पोस्टातली ठेव दा-ओनच्या शिक्षणासाठी. तिने काय शिकावे यात तिच्या बापाने नाक खुपसू नये. आम्ही याच्या शिक्षणात खुपसले होते, तर याने वर्षभर अबोला धरला होता.

कलम तिसरे. गच्चीवरचे सोयाबीनच्या आंबवणाचे रांजण सूनबाईचे. ऊन असले की झाकण काढायचे, ढग आले की घालायचे. तुला नोकरीतून सवड नाही, तेव्हा रिकामे करून छत्र्या ठेवायला वापरलेस तरी मी उठून येणार नाही. यजमानांचा रेडिओ कोणालाही द्या. त्यावर एक बाई पाककृती सांगायची आणि हे माझ्या हातचे सूप पिता पिता तिच्या आवाजाची तारीफ करायचे. बाई कुठे आहे, कोण जाणे, पण तो रेडिओ मी त्यांच्यामागे एकदाही लावला नाही. मत्सर माझ्या हाडात आहे, असे आई म्हणायची. तो आयुष्यभर पुरला, वाटून टाकायला मात्र कलम सापडत नाही.

कलम चौथे. हे मी गेल्या वर्षी, पहिल्यांदा दवाखान्यात भरती होण्याआधी, एका कागदावर लिहिले होते. ते जसेच्या तसे उतरवते, कारण ते विहीणबाईंनी वाचावे अशी माझी इच्छा आहे:

“गच्चीवरचे सर्व लाल रबरी टब, त्यांतली टोमॅटोची झाडे, आधाराच्या काठ्या आणि पाण्याचा डबा ही दा-ओनची मालमत्ता. माझ्या विहीणबाई सोक यंग-रान यांनी त्या झाडांना पाणी घालू नये, पाण्याबद्दल सल्ला देऊ नये, आणि फळ चाखून मान हलवू नये.”

असे का लिहिले, तेही सांगते.

दा-ओन याच गच्चीवर वाढली. तिचे आईबाप कामावर जायचे आणि ती माझ्याकडे. टबांच्या कडा धरून ती उभी राहायला शिकली. यजमानांनी जहाजाच्या रंगाच्या डब्याला बुडाशी भोके पाडून मला झारी करून दिली होती. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही दोघी पाणी घालायचो. माझी रीत एकच. टबाच्या खालच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत ओतायचे. जमिनीतले झाड पाणी शोधायला मुळे लांबवते. टबातल्या झाडाने कुठे जावे? त्याचे सगळे जग तेवढेच. त्याचे पोट आपणच भरायचे. दा-ओन खाली वाकून बघायची, आणि भोकातून पाणी आले की ओरडून सांगायची, झाडाचं जेवण झालं.

मग विहीणबाईंचे यजमान गेले. त्यांनी नदीकाठचे शेत विकले आणि त्या आपल्या लेकीकडे, योन-जूकडे, राहायला आल्या. त्यांना मिळाली ती लहान खोली संग-हूनने आधी मला देऊ केली होती, एकदा नव्हे दोनदा, आणि दोन्ही वेळा मीच नको म्हटले होते. पण आपण नाकारलेल्या पाटावर दुसरे कोणी बसले की तो पाट चांदीचा दिसू लागतो. त्यांनी गॅलरीत कुंड्या मांडल्या. त्यांतही टोमॅटो. आणि दा-ओन त्यांना नुसते “आजी” म्हणू लागली. मी झाले “डोंगरावरची आजी”. पूर्वी जी आजी होती, तिला आता पत्ता लावावा लागला.

विहीणबाई टोमॅटोच्या गावच्या. त्यांची रीत उलटी. पाने मान टाकू लागली की मगच पाणी, तेही बेताने. झाडाला तहान लागली तर फळात गोडी उतरते, असे त्यांचे म्हणणे. पहिल्यांदा माझ्या गच्चीवर आल्या, तेव्हा टबाखालचे ओघळ बघून हसत म्हणाल्या, “विहीणबाई, झाडांना पोहायला शिकवताय होय?”

मी म्हटले, “आमच्याकडे दारी आलेल्याला तहानलेलं ठेवत नाहीत.”

त्या हसल्या. मीही हसले. त्या गेल्यावर मी सगळ्या टबांना पुन्हा एकदा पाणी घातले.

खरे तर त्या बरोबर होत्या. माझे टोमॅटो मोठे व्हायचे, देठापाशी तडकायचे आणि पाणचट लागायचे. वरून साखर घालावी लागे. यजमानांच्या श्राद्धाच्या दिवशी दोन्ही घरचे टोमॅटो मांडले होते. दा-ओनने त्यांच्या ताटलीतला घेतला, मग दुसरा घेतला, मग तिचे लक्ष माझ्या चेहऱ्याकडे गेले. तिने माझ्या ताटलीतली एक फोड उचलली आणि समजूतदारपणे म्हणाली, “हा पण छान आहे, आजी.”

लेकराने आपली समजूत काढावी, यासारखे वाईट काही नाही. मी गेल्यावर ही मला विसरेल असे नाही, पण आठवेल ती तडकलेली आणि साखर घातलेली, हे त्या क्षणी माझ्या मनात रुतले. घर, पैसा कोणाला जातो याने मला फरक पडत नाही. दा-ओनच्या आठवणीत माझ्या जागी दुसरे कोणी बसू नये, एवढीच माझी धडपड होती. त्यातून वरचे कलम निघाले.

कलम पाचवे. गेल्या उन्हाळ्यात मी दवाखान्यात होते तेव्हाची हकीकत. मुक्काम लांबत गेला. बाहेर ऊन असे की गच्चीवर अनवाणी पाऊल ठेववेना. टबातली माती अशा उन्हात एका दिवसात खापर होते. मी झाडांबद्दल कोणाला चकार शब्द बोलले नाही. बोलले असते तर विहीणबाईंनी पाणी घातले असते, आणि माझ्या टबात त्यांच्या हातची गोडी उतरली असती. त्यापेक्षा वाळलेली बरी, असे मी ठरवले.

घरी आले तर झाडे ताठ उभी. माती ओली, टबांखाली ओघळ ताजे. फळे मोठाली, देठापाशी तडकलेली. एक कापून खाल्ले. पाणचट. अगदी माझे! मला इतका आनंद झाला की मी शेवयांचा वाडगा घेऊन ग्ये-ह्वाकडे गेले. तिनेच माझे बघून बघून घातले असणार.

ती म्हणाली, “मी कुठली घालते, मावशी? मला माझ्या केसांना पाणी लावायला सवड नाही. तुमच्या विहीणबाई यायच्या.”

सकाळच्या पहिल्या बसने यायच्या म्हणे, सुट्टी लागलेल्या दा-ओनला घेऊन. तो गुडघा घेऊन पायऱ्या चढायच्या, अर्ध्यावर बसायच्या, पुन्हा चढायच्या. मला यातले काही सांगायचे नाही, असे त्यांनी ग्ये-ह्वाला बजावले होते. पण एकदा ही गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तेव्हा तिने स्वतःच्या कानांनी ऐकले. दा-ओन विचारत होती, “आजी, एवढं पाणी? तूच तर म्हणतेस झाडाला तहान लागू द्यावी.”

विहीणबाई म्हणाल्या, “ही झाडं तिच्या हातची आहेत. ती घरी आली की तिला तिचाच टोमॅटो मिळायला हवा. ओत, खालून पाणी येईपर्यंत ओत.”

आता वाचणाऱ्याला वाटेल की माझा मत्सर विरघळला. छे. उलट त्या दिवसापासून तो दुप्पट झाला. कारण मला मी ठाऊक आहे. त्या दवाखान्यात असत्या आणि मी त्यांच्या गॅलरीत असते, तर मी मायेच्या नावाखाली त्यांच्या कुंड्या काठोकाठ भरल्या असत्या. त्यांनी स्वतःचा हात बाजूला ठेवून माझा हात चालवला. टोमॅटोच्या गोडीचा हेवा परवडला. मनाच्या मोठेपणाचा हेवा साखर घालूनही गिळवत नाही. पुढे सणाला भेटलो, तेव्हा त्यांनी नुसती तब्येत विचारली, आणि मीही नुसती बरी आहे म्हटले. आभाराचा शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथेच बसला. तो इथे लिहिते: विहीणबाई, उपकार झाले.

कलम सहावे. सबब कलम चौथे मी रद्द करते. ते खोडत नाही, कारण खोडले तर वाचता येणार नाही. पाण्याचा डबा दा-ओनचा. टब मात्र विहीणबाईंचे. घर विकल्यावर गच्ची राहणार नाही, म्हणून त्यांतला निदान एक त्यांनी आपल्या गॅलरीत ठेवावा. त्यासाठी त्यांना स्वतःच्या कुंड्या सरकवाव्या लागतील, हे मी जाणते. आमच्या विहिणींच्या नात्यात एकमेकींकडे काही मागायची रीत नाही. मी मागते आहे. त्या टबाला पाणी माझ्या रीतीने घालावे किंवा त्यांच्या, मी अट घालत नाही. फक्त दा-ओनने विचारले, हा टब कुणाचा, तर तुझ्या आजीचा म्हणावे. डोंगराचा पत्ता गाळावा.

कलम सातवे. स्वहस्ते लिहिलेल्या कागदाला साक्षीदार लागत नाहीत, असे डोंगराखालच्या अर्जनवीसाने सांगितले. पण चार डोळे नसले की मला कागद उघडा वाटतो. गेल्या वर्षी साक्षीदार म्हणून मी विहीणबाईंचेच नाव घातले होते. मान द्यायला नव्हे. साक्षीदाराला मालमत्तेतले काही मिळत नाही, असे ऐकले होते, म्हणून. आता ते नाव काढून ग्ये-ह्वाच्या शीतगृहातल्या मैत्रिणीचे घातले आहे. पहिल्या कलमात जिची सोय केली त्या भाडेकरणीने सही करावी की नाही, यावर कोणी वाद घातलाच, तर मी नसेन, आपसात मिटवा.

स्थळ: बुसान, माझी गच्ची
दिनांक: १४ एप्रिल २०२३
सही व शिक्का: बोंग सुन-दक

साक्षीदार:
१. पांग ग्ये-ह्वा
२. ओम ह्ये-सुक

विहीणबाई, हा कागद माझ्यामागे उघडायचा असतो, पण त्याची एक प्रत आजच टपालात टाकते आहे. रोपे बाजारात आली आहेत. रिकामा टब एकटा माणूस काखेत मारून पायऱ्या उतरतो. माती भरून पाणी घातले की चौघांनाही हलत नाही. म्हणून मी सगळे भरले, एकच पालथा ठेवला आहे. तुमच्याकडे जागा आहे की नाही, ते जरा लवकर लिहून पाठवा.