तपकिरी बटू

सर, तुम्ही आम्हाला दहावीत ज्याच्याबद्दल सांगितलं होतं, तो लाल बटू तारा आठवतो का? मृग नक्षत्राच्या पायाशी ससा नावाचा तारकासमूह आहे, त्या सशात असलेला, पण नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. त्याला नाव नाही, नुसता यादीतला नंबर आहे, असं तुम्ही म्हणाला होतात. त्याच्याभोवती फिरणारा तपकिरी बटू एक नाही, दोन आहेत, असं आता निघालंय. इतकी वर्षं अभ्यास करणारे कोड्यात होते, की याचं वस्तुमान तर चांगलं भरतंय, मग उजेड इतका कमी का. नीट पाहिलं तेव्हा कळलं, की एकमेकांना अगदी लगटून फिरणारे दोघं आहेत आणि ते वजन दोघांचं मिळून आहे. ही बातमी मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये वाचली. मी आता भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमच्यावर चिडायला मला एवढी एक बातमी पुरते, हे लक्षात आल्यावर जास्तच आला. म्हणून लिहायला बसले.

२०१४ ची दिवाळीची सुट्टी नुकतीच संपलीय. तलासरीच्या आपल्या शाळेत बाजारातल्या आणि नोकरदारांच्या घरची मुलं पुढच्या बाकांवर बसतात आणि आम्ही वसतिगृहाच्या मुली मागे. ही रीत तुम्ही लावलेली नव्हती, पण तुम्ही ती मोडलीही नाहीत. भूगोलाच्या बाई रजेवर आहेत, म्हणून त्यांचा तास तुमच्याकडे आलाय. डहाणूहून मोटरसायकल चालवत आल्यामुळे तुमचे केस अजून उभेच आहेत. तुम्ही पुस्तक न उघडता फळ्यावर एक मोठा गोल काढता, शेजारी एक लहान. म्हणता, आपल्या आसपासचे बहुतेक तारे असे लाल, मंद, छोटे आहेत, आणि त्यातला एकही आपल्याला दिसत नाही. मग लहान गोलावर बोट ठेवून सांगता, की हा तपकिरी बटू, हा तारा व्हायला निघाला होता. वायूचा ढग आकसला, गरम झाला, पण जमलेला माल कमी पडला. आत हायड्रोजन पेटलाच नाही. आता जन्माची जी ऊब आहे तिच्यावर तो दिवस काढतोय आणि हळूहळू निवतोय. माझ्या अंगावर काटा आला होता, सर. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या तासातून निघालं, हे मी नाकारत नाही. पण त्याच तासाला तुम्ही हसून म्हणालात, "थोडक्यात, नापास तारा."

पुढच्याच आठवड्यात तुमच्या गणिताच्या तासाला तुम्ही माझ्या मैत्रिणीला फळ्याशी बोलावलंत. ती झरीजवळच्या पाड्यावरची. वसतिगृहात आमच्या गाद्या शेजारी होत्या. समीकरण सोडवायचं होतं. तिने खडू घेतला आणि नुसती उभी राहिली. तुम्ही वाट पाहिलीत, घड्याळ पाहिलंत, आणि वर्गाकडे वळून म्हणालात, "हा आपल्या वर्गातला तपकिरी बटू. वस्तुमान कमी." वर्ग हसला. मीही हसले. तपकिरी या शब्दाला आमच्या वर्गात आणखीही एक अर्थ होता, पुढच्या बाकांना तो लगेच कळला. ती वर्गात सगळ्यांत काळी होती. तुमच्या मनात तसं काही नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज वाटतं, मनात नसणं हीच तुमची मोठी चैन होती. त्या दिवसापासून तिला शाळेत कुणी नावाने हाक मारली नाही. पाण्याच्या टाकीजवळ, प्रार्थनेच्या रांगेत, जेवणाच्या पंगतीत, नुसतं "बटू". तुम्हीही हजेरी घेताना कधी कधी म्हणायचात.

तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट सांगते. भूमिती मला तिने शिकवली. पुस्तकातली प्रमेयं मला कळायची नाहीत. ती संध्याकाळी वसतिगृहाच्या अंगणात काटक्या मांडायची आणि आमच्या घरच्या बोलीत समजावायची, की बघ, ही काटकी हलवली तर ही पण हलायलाच पाहिजे, नाहीतर दोघींचं जमणार नाय. मला लगेच समजायचं. अडचण तिच्या गणिताची नव्हती, सर. फळ्याशी उभं राहून तुमच्या डहाणूच्या मराठीत बोलायला ती घाबरायची, आणि बटू म्हणून हसणारे चाळीस जण पाठीमागे असताना तर तिला स्वतःचं नावही लिहिता आलं नसतं. माझी गोष्ट वेगळी होती. मला पाठांतर जमायचं, तुमच्यासारखं बोलताही यायचं, म्हणून मी तुमची लाडकी झाले. मधल्या सुट्टीत तुम्ही मला वेगळं शिकवायचात, तुमच्या डब्यातली आंबोळी अर्धी मोडून द्यायचात. दहावीनंतर स्वतःचं कॉलेजातलं भौतिकशास्त्राचं पुस्तक दिलंत, आतल्या पानावर तुमची सही असलेलं. ते मी झिजेपर्यंत वापरलं.

निकाल लागला तेव्हा ती एकट्या गणितात गेली. त्या वर्षी फेरपरीक्षा जुलैतच होती. वर्गशिक्षक म्हणून यादी तुम्ही द्यायची आणि कारकुनांनी फॉर्म भरायचे. मी गुणपत्रिका घ्यायला आले होते, त्याच दिवशी तिचे वडीलही आले. ते डहाणूच्या चिकूच्या वाडीत कामाला होते. खाडा करून, चिकाचे डाग पडलेल्या सदऱ्यावरच आले होते. तुम्ही स्टाफरूमच्या बाहेर नळाखाली डबा धूत होतात. त्यांनी चप्पल काढून बाजूला ठेवली आणि विचारलं, पोरीला परत परीक्षेला बसवायचं तर काय करायचं. तुम्ही डब्यातलं पाणी झटकलंत आणि म्हणालात, "कशाला उगाच धावपळ करता? तिच्यात ते वस्तुमानच नाही हो. ती काही पेटायची नाही."

त्यांना वस्तुमान कळलं नाही, पेटायची नाही एवढं कळलं. त्यांनी मान डोलावली, चप्पल पायात घातली, तुम्हाला नमस्कार केला आणि गेले. मी पाच पावलांवर गुणपत्रिका छातीशी धरून उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहून हसलात आणि आत ये म्हणालात, पेढे आहेत. त्या वाक्यात तुमचा काही दुष्टावा नव्हता, हेच मला आजपर्यंत सहन होत नाही. दुष्टावा असता तर निदान तुम्हाला आठवलं असतं. एक ओळ यादीत लिहायची होती, सर. ती तुम्ही लिहिली नाहीत, कारण तुम्हाला तुमची उपमा आवडली होती. मुदत गेली. ती पाड्यावर परतली, वाडीत जायला लागली, आणि अठरा पूर्ण होताच विवळवेढ्याला लग्न करून गेली.

मी डहाणूला कॉलेजात गेले. जवळजवळ तीन वर्षं तिला भेटले नाही. वेळ नव्हता असं म्हणायचे, पण तिच्यासमोर जायची हिंमत नव्हती. २०१८ मध्ये चैत्रातल्या यात्रेला घरचे विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला निघाले, त्यांच्याबरोबर गेले. ती हायवेच्या बाजूला नारळ-फुलांच्या टोपल्या मांडून बसली होती, मांडीवर मुलगी. मला पाहून तिने एवढ्या मोठ्याने हाक मारली की शेजारच्या बाया वळून बघायला लागल्या. आम्ही तिथेच बसलो. ती गिऱ्हाईक करता करता सगळं विचारत होती, कॉलेज, वसतिगृह, मेस. मग सहज म्हणाली, "सर आलते गो, मागच्या वर्षी देवीला. घरच्यांना घेऊन." मी विचारलं, काय म्हणाले. ती हसली. "मला वळखलं नाय. मी म्हटलं, सर, मी तुमच्या वर्गातली. ते म्हणाले, हो का, छान छान, कुठली बॅच? मी चांगला पाणीदार नारळ काढून दिला त्यांना."

ती चिडली नव्हती. उलट तुम्ही चांगलं शिकवायचात असं म्हणाली, आणि तो तारा, तो पेटलाच नाही तो, अजून तसाच आहे का, असं मला विचारलं. मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, म्हणजे इतकी वर्षं नुसत्या स्वतःच्या उबेवर, आणि मुलीच्या डोक्यावरचं टोपडं सारखं करायला लागली. तिला तुमचा राग नाही, मग माझा राग कोणाच्या वतीने, हे मला कळत नव्हतं. पण तो होता, आणि त्या दिवशी मी ठरवलं की तुम्हाला समोरासमोर सांगायचं.

ते व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. भूकंपाचे धक्के सुरू होऊन दोन-तीन महिने झाले होते. पाड्यापाड्यांवर लोक घराबाहेर राहत होते, आणि आपली शाळाही मैदानात मांडव घालून भरत होती. मी आले तेव्हा तुमचा नववीचा तास चालू होता. तुम्ही बारीक झाला होतात, शर्ट खांद्यावरून उतरत होता. फळा झाडाला टेकवलेला, त्यावर एक मोठा गोल, एक लहान. मी मागे उभी राहिले. तुम्ही तेच सांगितलंत, त्याच क्रमाने, त्याच जागी थांबून, आणि शेवटी तेच हसू आणि तेच दोन शब्द. मुलं हसली. तास संपल्यावर तुम्ही माझ्याकडे आलात, खूश होऊन. मी म्हटलं, "सर, ते नापास नाहीत. ते कुठल्या परीक्षेला बसले होते?"

तुम्ही म्हणालात, "अगं, मुलांच्या लक्षात राहावं म्हणून."

मी म्हटलं, राहतं, फार राहतं. मग तिचं नाव घेतलं. तुम्ही डोळे बारीक करून आठवायला लागलात. मी तिचं गाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, नळाजवळचं सांगायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज आला. मांडवाचे बांबू करकरले. मुलं ओरडली नाहीत, त्यांना सवय झाली होती, ती नुसती खाली बसली. तुम्ही मात्र टेबलाची कड दोन्ही हातांनी धरलीत, आणि सगळं थांबल्यावरही सोडली नाहीत. कुणीतरी तुम्हाला खुर्ची दिली, पाणी दिलं. पुढच्या पावसाळ्याच्या आत तुम्ही गेलात. तुम्हाला तेव्हाच बरं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

ही गोष्ट मी दोन-तीन जणांना सांगितलीय. दरवेळी सांगते, की धक्का बसला आणि बोलणं राहून गेलं. ऐकणाऱ्यांना ते पटतं. तिला मात्र मी यातलं काहीच सांगितलेलं नाही, ना नळाजवळचं, ना मांडवातलं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे खरं लिहिते. धक्का चार-पाच सेकंदांचा होता. त्यानंतर मी तुमच्यासमोर अर्धा तास बसले होते. तुम्ही पाणी प्यायलात, सावरलात, आणि स्वतःहून विचारलंत, "तू काय सांगत होतीस? कोण मुलगी?" मी म्हटलं, काही नाही सर, असंच. पुण्याला खगोलशास्त्राचं उन्हाळी शिबिर होतं, त्याच्या अर्जाला शाळेतल्या शिक्षकाचं शिफारसपत्र लागत होतं, आणि कागद माझ्या पिशवीत होता. मी तो काढून तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही पानभर लिहिलंत, फार चांगलं लिहिलंत. मी ते घडी करून ठेवलं आणि वाकून तुमच्या पाया पडले.