फोटो हलला म्हणते

सोमवार, दिवाबत्तीची वेळ

फोटो हलला म्हणते तो जंगलाचा गार्ड. फोटो कसा हलन? हात हलते माहा. गोठ्यामागं बिबट येऊन राह्यला, मी डोळ्यानं पाह्यला. पण साफ फोटो नाई तर पिंजरा नाई. म्हणते, "आजी, कुत्रं असन." त्यानं पाह्यले नसन इतके कुत्रे मी हाकलले.

नात सावंगीले नर्सिंग शिकते. तिनं फोनवर सांगितलं, "आजी, कोपरं भिंतीले टेकव, श्वास रोख, मंग बटन दाब." आज तसंच केलं. जीव जाते का काय, इतका श्वास रोखला. बिबट आला, गोवऱ्यांजवळून गेला. फोटोत गोवऱ्या इतक्या साफ आल्या का माह्या बोटाचे ठसे दिसते. बिबटाच्या जागी नुसता पिवळा धूर.

नात म्हणते, "आता तू नाई हलली, तो हलला. उजेड कमी असला का असंच होते." मंग काय त्याले पाट टाकून बसवू?

ओलिताच्या मोटरीची लाईन पहाटेच येते. पोरगा ट्रकवर, म्हणून सून एकटीच चण्याले पाणी द्याले जाते, गोठ्यामागच्या त्याच वाटेनं. जाऊ नको म्हणलं तर म्हणते, "चणा वाळन ना, आई." मले तितकं चालवत नाई. काय करू? पुन्हा फोटो पाह्यला. गोवऱ्याच.

उद्या पहाटे गार्डानं यावं अन् सुनेच्या पुढं चालावं. कुत्रंच म्हणते ना तो? मंग अंधारात काही गुरगुरलं, तर ओ त्यानंच द्याची. तिनं नाई.