आधी जरा शांतता

४ मार्च
आलो एकदाचे! छापखान्यातली नोकरी, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, नळाला दिवसभर पाणी. आणखी काय हवं? लेकीने आल्या आल्या खिडकीतली जागा पटकावली. तिचे बाबा गेल्याला अकरा महिने झाले, तेव्हापासून ती एक शब्द बोललेली नाही. सात वर्षांची पोर. पूर्वी हिच्या तोंडाला कुलूप लावावं असं वाटायचं. डॉक्टर म्हणतात घसा ठणठणीत आहे, वाट बघा. वाट बघून बघून मी जेरीस आलेय. या गावात म्हणे पावलोपावली चॅपेल आणि संतांचे पुतळे आहेत. एकेक गाठणार आणि तिच्यासाठी शांतपणे प्रार्थना करणार.

९ मार्च
कसलं शांतपणे! मोठ्या चर्चमध्ये मरियामातेपुढे गुडघे टेकले, तर मागे गाणाऱ्यांची तालीम, एकच ओळ सतरा वेळा. इस्पितळाच्या चॅपेलमध्ये भिंतीला ड्रिल लावलेलं. चौकातल्या संताच्या पायाशी बसले, तर एका जोडप्याने मला बाजूला सरकायला लावून फोटो काढले. दिवसभर छापखान्यात धडधड, घरी आलं की खालच्या शिलाईवालीचं मशीन. देवाशी दोन शब्द बोलायची सोय नाही. डोक्याचा नुसता भुगा झालाय.

१२ मार्च
छापखान्यातल्या फोरमनने टेकडीवरचं लहान चॅपेल सुचवलं. आत एका संत बाईंचा पुतळा: हात जोडलेले, रंग उडालेला, चेहरा मायाळू. किल्ल्या सांभाळणारी म्हातारी मावशी झाडत होती. तिने दारातच बजावलं, "इथे एकच मागणं, बाई. तोंडातून पहिलं निघेल तेच." मी मान डोलावली. प्रत्येक दुकानाची आपली पाटी असतेच.
डोळे मिटले आणि खराटा सुरू. खर्र, खर्र. लेकीचं नाव ओठांवर आणावं, तर खर्र. शेवटी वैतागून पुतळ्याला म्हटलं, आधी जरा शांतता दे, मग बोलते.
खराटा थांबला. लेकीसाठी पोटभर मागून घेतलं. डोळे उघडले तेव्हा मावशी झाडतच होती. फक्त आवाज येत नव्हता.

१६ मार्च
खालचं मशीन चार दिवस ऐकू आलं नाही. बरं झालं म्हणून खाली डोकावले, तर बाई पाय मारतेय, सुई पळतेय. चर्चच्या घंटेचंही तेच. लेकीला विचारलं, वाजली का? तिने मान हलवली, हो. कानाचे डॉक्टर म्हणाले कान उत्तम आहेत, वाट बघा. या लोकांना दुसरं काही शिकवतच नाहीत वाटतं.

१९ मार्च
छापखाना मुका चालतो. कटरचं पातं खाली येत होतं, माझा हात आत. फोरमनने दंडाला धरून ओढलं. किती वेळ ओरडतोय, असं त्याने कागदावर लिहून दाखवलं. माणसांचे आवाजही गेले.

२१ मार्च
टेकडीवर गेले. मागणं परत घे म्हटलं, ओरडून म्हटलं. मावशीने माझ्या तळहातावर बोटाने लिहिलं — मिळालं ना?
पुतळ्याकडे पाहिलं. हात जोडलेले नाहीत. एक बोट ओठांवर. घरी येऊन बारा तारखेचं पान उघडलं. जोडलेले असंच लिहिलंय मी —

२३ मार्च
काहीच नाही. माझा श्वाससुद्धा नाही. चूक माझी, फक्त माझी. पण असं कुणी धरून बसतं का शब्दाला —

२४ मार्च, सकाळ
मी रडत होते. किती मोठ्याने, मला काय कळणार. लेक खिडकीतून उतरली. समोर उभी राहिली. तोंड उघडलं —
बोलतेय. बोलतेय ती! शिलाईवाली धावत वर आली, तोंडावर हात, डोळ्यांत पाणी. तिने ऐकलं —
थांबत नाही पोर. अकरा महिन्यांचं एकदम सांगतेय. पेन्सिल पुढे केली, लिही म्हटलं. तिने ढकलून दिली. तिला बोलायचंय. मी हसतेय, मान डोलावतेय, जणू सगळं —
आता थांबली. काहीतरी विचारलंय. माझ्याकडे बघतेय. पुन्हा तेच विचारलं — काय, बाळा? काय विचारलंस —
वाट बघतेय. तिसऱ्यांदा नाही विचारलं. खिडकीकडे वळली. तिचे ओठ मिट —