औषध दिलेले उंदीर जगले

मॅडम,

सोलापूरच्या आपल्या प्रयोगशाळेत, सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात, तुम्ही मला एक प्रश्न विचारलात आणि मी खोटं उत्तर दिलं. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, मीही निवृत्त झाले, तरी ते आठवलं की एका जागी बसवत नाही.

आपण उंदरांच्या मेंदूत विषाणू टोचले होते. त्यातल्या अर्ध्यांना प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देत होतो. औषधवाले आधी मरणार, असं तुम्ही ठामपणे म्हणाला होतात. सातव्या दिवशी सकाळी मी उंदीरघरात शिरते, तर औषध न दिलेल्यांना झटके येताहेत, काही मरून पडलेत, आणि औषधवाले खुशाल हरभरे कुरतडताहेत. त्यांची देखभाल करणारे मामा म्हणाले, "ताई, हे तर लई खात्यात की. ह्यांना कुटं काय झालंय?"

तुम्ही आलात, पाहिलंत आणि माझ्याकडे वळलात. "पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या ना तुझ्याकडून?"

"नाही, मॅडम."

"नीट आठव."

मी मैंदर्गीसारख्या लहान गावातून आलेली, तात्पुरत्या नोकरीवरची. तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा म्हणाले, "बदलल्या असतील." तुम्ही वहीतल्या त्या पानावर काट मारलीत. जगलेले उंदीर मी माझ्याच हातांनी क्लोरोफॉर्म देऊन मारले.

दिवाळीच्या आधी तुम्ही हृदयविकारानं गेलात. मग मी तोच प्रयोग पुन्हा केला, चिठ्ठ्या मामांसमोर लावून. पुन्हा तसंच झालं. या वेळी औषधवाल्यांचे मेंदू वाटून नव्या, निरोगी उंदरांना टोचले; आठवड्याभरात तेही झटके येऊन मेले. म्हणजे औषधवाले अंगात विषाणू घेऊनच जगत होते. बाकीच्यांना मारत होती ती त्यांच्या शरीराची स्वतःची लढाई. विषाणूला हाकलता हाकलता ती मेंदूच उद्ध्वस्त करत होती. विभागात माझं कौतुक झालं. काट मारलेल्या पानाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

हे पत्र पाठवायला पत्ताच नाही, म्हणून तर लिहवतंय. मी ती न केलेली चूक कबूल केल्यावर तुम्ही रागावला नाहीत. समोर बसवून डब्यातली भाकरी अर्धी केलीत, वर शेंगाचटणी वाढलीत आणि म्हणालात, "होतं गं असं सुरुवातीला." त्यानंतर तुम्ही चांगले पाच महिने होतात. खरं कधीही सांगता आलं असतं. पण त्या दुपारपासून तुम्ही मला रोज जेवायला बोलवायला लागला होतात, मॅडम, आणि मला ते बंद व्हायला नको होतं.