एकोणीस वर्षांची वाट

बुधवार संध्याकाळ, जळगाव

पाचोऱ्याचे नाना आज केळीची फणी घेऊन ऑफिसात आले. आभार मानायला! आमच्या वकिली ऑफिसच्या पत्रकात मी लिहिलं होतं, की शेतातली वाट वीस वर्षं बिनविरोध वापरली, की वापरणाऱ्याचा हक्क लागतो. नानांनी तोच कागद उलगडला. 'वीस'खाली लाल रेघ.

"ताई, तुम्हनं वाचीसन मी भाऊनी वाट बंद करी टाकी. एकोणीस वरीस व्हई गयात."

सख्खा भाऊ, नानांच्या शेतातून ये-जा करणारा. त्याची केळी कापणीला आलेली आणि वाटेत बाभळीच्या काट्या. एकोणीस वर्षं कुणी मोजली नव्हती, माझं वाचून मोजली. मी फणी तशीच ऑफिसच्या टेबलावर ठेवून घरी आले.

मी चुकीचं लिहिलं का? नाही. पण मूळ मजकुरात आणखी एक ओळ होती: परवानगीने वापरू दिली तर हक्क लागत नाही, साधा लेखी कागद करून ठेवा. पानावर जागा नव्हती, म्हणून मीच ती कापली. त्या लाल रेघेखाली नेमकी तीच हवी होती.

शेवटी नानांना ते सांगितलं. त्यांनी कागदाची घडी घातली.

"काटा आजच काढी टाकसू, ताई. पन भाऊ आते मनासंगे बोलस नहीं."