नळ बंद ठेव

सूनबाई,

कारखान्यात पहिली शिफ्ट आहे, म्हणून तुला न उठवता निघतेय. काल चहा पिताना तू स्वतःहून सांगितलंस की तुला एचआयव्ही आहे, आणि मी कप तसाच टाकून उठून गेले. ती किळस नव्हती, मला माझीच लाज वाटली. बाळाचं रडणं मला ऐकू येऊ नये म्हणून तीन आठवडे तू त्याला लागण टाळणाऱ्या औषधाचे थेंब बाथरूममध्ये नळ सोडून पाजत होतीस. आणि मी रोज बाहेरून विचारत होते, ‘बापाने विहीर आंदण दिलीय का?’

माझ्या लेकालाही सगळं ठाऊक होतं, पण त्याची दातखीळ बसलेली. ओली बाळंतीण असून सांगितलंस ते तू. माझ्यात नसती गं झाली एवढी हिंमत.

दाराशी भरून ठेवलेली तुझी बॅग मी रिकामी केलीय, कपडे परत कपाटात लावलेत. तुझ्या गोळ्या आणि बाळाच्या थेंबांची बाटली स्वयंपाकघरात घड्याळाखाली ठेवलीय. आठचे थेंब चुकवू नकोस. तिथेच खुर्चीवर बसून पाज. रडला तर रडू दे. शेजारीण काही म्हणाली तर सांग, आजीवर गेलाय.

नळ मात्र बंद ठेव.

आई