चौदाव्या होलवरचे सहा फटके

अहो,

‘प्रिय’ लिहायला पेन टेकवलं होतं, पण हात पुढं सरकेना. तेव्हा आयुष्यभर जशी हाक मारली तशीच मारते.

तुम्ही गेल्याला पाच महिने झाले. या पाच महिन्यांत मी तुमच्याशी एक शब्द बोललेले नाही, मनातसुद्धा नाही. फोटोला हार घालते, दिवा लावते आणि वळते. आज लिहायला बसले, कारण काल रविवारी माळावरच्या मैदानात तुमच्या नावानं गोल्फची स्पर्धा झाली. मंडपाच्या दारात तुमचा टोपी घातलेला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात ‘एक प्रामाणिक खेळाडू’. बक्षीस माझ्या हातून द्यायचं होतं. तिथं काय झालं ते तुम्हाला माझ्याच तोंडून कळावं असं वाटलं.

पण आधीपासून सांगते. तुम्ही ही गोष्ट शंभर वेळा सांगितलीत, प्रत्येक वेळी तुमच्या बाजूनं. एकदा माझ्या बाजूनं ऐका.

तुमचे साहेब बदली होऊन गेले तेव्हा त्यांचा जुना गोल्फचा सेट तुम्हाला देऊन गेले होते. सात काठ्या आणि एक फाटकी पिशवी. तुम्ही ती पिशवी सायकलवर आडवी बांधून आणलीत तेव्हा आपल्या रेल्वे क्वार्टरमधली माणसं दारात येऊन बघत होती. कारकुनाला हे कशाला, असं तुमची बहीण कुर्डुवाडीहून येऊन म्हणाली. मी मात्र त्याच दुपारी माझ्या जुन्या नऊवारीच्या तुकड्यांनी पिशवीला अस्तर शिवलं. आठवतं का हो? का तेवढं विसरलात?

सोलापूरच्या माळावरचं ते मैदान म्हणजे नऊ खड्डे आणि मधे कुसळं. खड्ड्याभोवती हिरवळ असायला हवी, तिथं वाळूत जळकं तेल कालवून चोपून बसवलेलं. कुणीही यावं, खेळावं. तुम्ही खेळायचात आणि मी पिशवी घेऊन मागं चालायची. पिशवी उचलणारा माणूस लावायला आपल्याला परवडायचं नाही, म्हणून बायको. मला त्याचं वाईट वाटलं नाही. सकाळचा वारा, मोकळं रान, आणि नवरा दोन तास आपल्यासोबत चालतोय, एवढं पुष्कळ होतं.

एक दिवस तुम्हीच काठी माझ्या हातात दिलीत. म्हणालात, “मार की एकदा. हसणार न्हाय मी.” मी वैरागला भावांबरोबर विटीदांडू खेळून वाढलेली. पहिल्याच फटक्याला चेंडू तुमच्या चेंडूच्या पुढं जाऊन पडला. तुम्ही हसला नाहीत. तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

त्यानंतरची सहा-सात वर्षं मात्र सोन्यासारखी गेली, हे मी आजही नाकारत नाही. रेल्वेचा पास होता. वर्षातनं दोन-तीनदा सुट्टी जुळवून आपण निघायचो, आपल्या लेकीला, मनीषाला, तिच्या आत्याकडं ठेवून. कुठं डोंगरातलं गाव, कुठं छावणीचं गाव, जिथं बाहेरच्या माणसाला एक दिवस खेळू देतात तिथं. स्लीपरचा डबा, रेल्वेचं विश्रामगृह, डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याची बरणी. ज्यांच्या गाड्या बाहेर उभ्या असायच्या ती माणसं क्लबात जेवायला जायची आणि आपण झाडाखाली भाकरी मोडायचो. एकदा दिल्लीकडच्या कुण्या बाईंनी आपली चटणी चाखली आणि अर्धा डबा संपवला. तुम्ही किती खूश झाला होतात! तुम्हाला कधी कुणासमोर कमीपणा वाटला नाही. निदान मला तेव्हा तसं वाटायचं.

हौशी लोकांच्या स्पर्धा असायच्या, त्यात तुम्ही माझंही नाव घालायला लागलात. बाईमाणसाचं नाव घातलं की जोडप्याला प्रवेशात सवलत मिळायची. ही आयडिया तुमचीच होती. माझा नंबर कधी येईल असं तुमच्या डोक्यात नव्हतं. माझ्यासुद्धा नव्हतं.

आता ती अकरा वर्षांपूर्वीची स्पर्धा. दोन गाड्या आणि एक बस बदलून आपण त्या थंड गावी पोचलो होतो. पुरुष आणि बायका एकाच यादीत, अठरा होल म्हणजे खड्डे, ज्याचे फटके कमी तो पहिला, आणि कच्च्या खेळाडूला फटक्यांची सूट. तुम्ही माझं फटक्यांचं कार्ड लिहायचं, मी तुमचं, आणि शेवटी ज्यानं त्यानं आपलं कार्ड तपासून सही करायची. चुकून एखाद्या होलचे फटके कमी लिहिले गेले आणि तशीच सही केली, तर माणूस स्पर्धेतून बाद. हा नियम तुम्हीच मला गाडीत समजावून सांगितला होतात.

त्या दिवशी माझ्या हाताला काय झालं होतं कोण जाणे, चेंडू सांगेन तिथं जात होता. चौदाव्या होलवर मात्र माझा चेंडू झुडपात गेला आणि मला सहा फटके लागले. मी तुम्हाला मोठ्यानं म्हणाले, “सहा हं.” तुम्ही मान हलवलीत आणि लिहिलंत. शेवटी कार्ड माझ्यापुढं धरलंत, बोटानं सहीची जागा दाखवलीत, आणि मी सही केली. बघितलं नाही. वीस वर्षांच्या संसारात तुम्ही पुढं केलेल्या कुठल्या कागदावर मी बघून सही केली होती?

फळ्यावर माझं नाव पहिलं लागलं. सुनंदा गायकवाड, सोलापूर. तुमचं नाव आठवं होतं. मी मंडपात चहाचा कप घेऊन बसले होते आणि आनंदात चहा प्यायचाच विसरले होते. तुम्ही फळ्यासमोर बराच वेळ उभे होतात. मला वाटलं, डोळे भरून बघताय. मग तुम्ही कमिटीच्या टेबलापाशी गेलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, चौदाव्या होलवर माझ्या मिसेसना सहा लागले होते, माझ्या हातून पाच लिहिले गेले, तिनं न बघता सही केली, तुम्ही नियमाप्रमाणे करा.

त्यांनी नियमाप्रमाणे केलं. माझं नाव ओल्या फडक्यानं पुसलं. मग कुणीतरी उठून टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. एवढा सच्चा माणूस बघितला नाही म्हणाले. खेळाडूवृत्तीचा म्हणून एक कप तुम्हाला आयत्या वेळी दिला. सहा धरले असते तरी मी दोन फटक्यांनी पहिलीच होते, हे त्या गर्दीत कुणी म्हणालं नाही. तुम्हीही नाही.

परतीच्या गाडीत मी विचारलं, “असं कसं झालं हो?” तुम्ही म्हणालात, “चूक झाली. माणूसच हाय मी. पण तू बघायला नको होतं व्हय?” आणि कूस बदलून झोपलात.

तो कप अकरा वर्षं आपल्या शोकेसमध्ये होता आणि त्याच्यावरची धूळ मी पुसत होते. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तुम्ही ती गोष्ट सांगायचात. शेवटी हसून म्हणायचात, आमची मंडळी लई भोळी, बघत नाही सही करताना. पाहुणे हसायचे. मी चहा द्यायची. त्यानंतर मी काठीला हात का लावला नाही, हे तुम्ही कधी विचारलंत? एकदाही नाही. तुमच्या सहलीही हळूहळू एकट्याच्या झाल्या. मी डबा भरून द्यायची, तुम्ही निघायचात.

तरी मी ती चूकच समजत होते. अकरा वर्षं. तुमच्यावर नाही, स्वतःवर चिडत होते, की बाई, तू बघितलं का नाहीस.

आणि मग या जानेवारीतली ती दुपार. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. मी तुम्हाला चमच्यानं पेज भरवत होते. तुम्ही माझा हात बाजूला केलात आणि म्हणालात, “सुनंदा, ते पाच मी मुद्दाम लिहिले होते.”

मी विचारलं, का. तुम्ही भिंतीकडं बघत म्हणालात, “सेट माझा, खेळ माझा, आणि लोकं तुला बघायला थांबत होती. सहन झालं न्हाय. पण सही करताना तू बघितलं असतंस तर मी दुरुस्त केलं असतं.”

एवढंच. ‘माफ कर’ नाही, ‘चुकलो’ नाही. मरतानासुद्धा अर्धा दोष माझ्या पदरात टाकलात. मी वाटी खाली ठेवली आणि गच्चीवरचे कपडे काढायला गेले. कपडे अजून ओले होते, तरी काढले. खाली आले तेव्हा तुम्ही डोळे मिटले होते. त्यानंतर नऊ दिवस तुम्ही होतात. मी तुम्हाला पुसलं, कूस बदलली, औषधं दिली. तो विषय तुम्ही काढला नाहीत, मीही काढला नाही. त्या नऊ दिवसांत मी भांडले का नाही, याचा पस्तावा मला रोज होतो. आजारी माणसाशी कसं भांडायचं, हा विचार केला. तुम्हाला तो हिशोब बरोबर माहीत होता, नाही का? म्हणून तर तोपर्यंत थांबलात.

आता कालचं. तुमचे मित्र म्हमाणे भाऊजी महिनाभर मागं लागले होते. वहिनी, तुम्ही दोन शब्द बोलायचेच. ते दोन शब्दही त्यांनीच कागदावर लिहून आणले होते. मनीषा पुण्याहून आली होती. सकाळी पोहे करताना मी तिला सगळं सांगितलं. तिनं कढईखालचा गॅस बारीक केला. मग म्हणाली, “आई, आज नको. लोक बाबांसाठी येतायत.” मी म्हटलं, बरं. खरंच मी ठरवलं होतं, कागद वाचायचा आणि घरी यायचं.

पण भाऊजींनी भाषणात तीच गोष्ट काढली. फळा, टेबल, टाळ्या, सगळं. शेवटी माझ्याकडं हात करून म्हणाले, वहिनींनी तेव्हा जरा डोळे उघडून सही केली असती तर आज ही स्पर्धा त्यांच्या नावानं असती. मंडपभर हशा झाला. तुमच्यासारखंच हसू येईल असं सांगतात ते. तुमच्याकडूनच शिकलेत.

माइक माझ्या हातात आला. कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाले, “त्यांनी ते पाच मुद्दाम लिहिले होते. जायच्या आधी मला स्वतः सांगितलं. सहा धरूनही मी जिंकले होते.”

माझा आवाज कापला नाही. मी रडलेही नाही. मग म्हमाणे भाऊजींनी माझ्या हातातला माइक हळूच काढून घेतला आणि म्हणाले, वहिनी अजून दुःखातून सावरलेल्या नाहीत, आपण समजून घेऊ. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो. माझ्या दुःखाला टाळ्या! एका बाईनं मला खुर्चीवर बसवून पाणी दिलं. बक्षीस दुसऱ्याच कुणी दिलं. तुमच्या फोटोखालचा बोर्ड तसाच राहिला.

बघा, तुम्ही गेल्यावरही लोकांना तुमचंच खरं वाटतं. किती पक्कं काम करून गेलात.

रिक्षात मनीषा बाहेर बघत बसली होती. मला वाटलं, रागावली. विजापूर रोडवर सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तिनं विचारलं, “आई, एकूण किती झाले होते गं तुझे?”

मी म्हटलं, “ब्याण्णव. सूट धरून अडुसष्ट.”

“ते चांगले असतात?”

“त्या दिवशी तिथं सगळ्यात चांगले होते.”

ती माझ्याकडं बघत राहिली, जणू मी तिला नवीनच कुणी दिसत होते. अकरा वर्षांत हा आकडा मला विचारणारी ती पहिली. तुमच्या घरात सोळा वर्षांची होती ती तेव्हा. तिलाही तुम्ही फक्त कपाची गोष्ट सांगितली होतीत.

भाऊजी तुमचा सेट मैदानाला भेट द्या म्हणत होते. देणार नाही. अस्तर मी शिवलेलं आहे. दिवाळीनंतर मनीषाला चार दिवस सुट्टी आहे, आम्ही दोघी जाणार आहोत कुठंतरी, जिथं एक दिवस खेळू देतात तिथं. पास आता माझ्या नावावर येतो, विधवा पास म्हणतात त्याला. माझा गुडघा दुखतो, मनीषाला काठी धरता येत नाही. होईल तसं होईल.

माफ केलं असं लिहायला बसले असेन असं तुम्हाला वाटलं असेल तर तसं नाही. ते अजून माझ्याच्यानं होत नाही, आणि खोटं लिहिणार नाही. पण शब्द देते. तुमचं वर्षश्राद्ध नीट करीन. तुमच्या आवडीचं धपाटं आणि दही ठेवीन. कुर्डुवाडीच्या वन्संना काही कमी पडू देणार नाही. मनीषासमोर तुमच्या चांगल्या गोष्टीही सांगीन, त्या होत्या म्हणून. गप्प बसणं तेवढं सोडून तुमचं सगळं करीन.

सुनंदा